विनयाच्या कोपरावरचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे. आज मी काळं दिसते, पण जन्माने मी तांबडं, आणि स्वभावाने तर मुळीच असं चिडकं नव्हते. मित्रांनो, ज्या डोक्यासाठी मला विकत आणलं, त्या डोक्यावर तेरा वर्षांत मला फक्त एक सकाळ बसायला मिळालं. तुम्हाला कोणी तेरा वर्षं भलत्याच वर्गात बसवून ठेवलं, तर तुमचाही आवाज चढेल. तेव्हा माझं बोलणं कुठे कडू लागलं तर राग मानू नका.

माझा जन्म फरिदाबादच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात फायबरची चटई अंथरायची, तिच्यावर चिकट रसायन ओतायचं, वाळलं की कडा घासायच्या, असं ते काम. वासाने कारागिरांचे डोळे चुरचुरत. मग आत थर्माकोलचा जाड थर, त्यावर मऊ अस्तर, खाली हनुवटीचा पट्टा आणि पुढे काच. शेवटी मला तांबडा रंग दिला आणि दोन्ही कानांच्या वर एकेक पांढरी पट्टी ओढली. पट्टे लावणारे म्हातारे मिस्त्री प्रत्येक हेल्मेट दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघत आणि मगच खोक्यात भरत. मला दाबून त्यांनी मान डोलावली. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्यानंतर फारशा मिळाल्या नाहीत.

खोक्यातून मी थेट दिल्लीच्या करोल बागेतल्या एका दुकानात आले. ते १९९५ साल होतं. देशात नव्या नव्या कंपन्या येत होत्या, यमुनेपलीकडच्या शेतांत चार-चार मजली सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि जो तो नंबर लावून मिळणारी स्कूटर सोडून शंभर सीसीची मोटारसायकल घेत होता. फळीवर बसल्या बसल्या मी माणसं ओळखायला शिकले. पांढरं गोल हेल्मेट मागणारा म्हणजे स्कूटरवरचा सरकारी बाबू. तोंड झाकणारं काळं हेल्मेट मागणारा म्हणजे कॉलेजचा मुलगा. त्याला ते डोक्यावर घालण्यापेक्षा हातात धरून मिरवण्याची हौस जास्त. आणि तिसरी एक पातळ टोपी असायची. आत थर्माकोल नाही, अस्तर नाही, नुसती चालान, म्हणजे पोलिसांचा दंड, चुकवण्यापुरती. सगळ्यात जास्त खप तिचाच होता. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारायचा, "सर के लिए चाहिए या पुलिस के लिए?" म्हणजे डोक्यासाठी की पोलिसांसाठी?

दिवाळीच्या आधी एका रविवारी पद्माकर आणि विनया त्या दुकानात आले. पद्माकर तेव्हा तिशीचा होता. कस्तुरबा गांधी मार्गावर एका परदेशी कंपनीचं नवं ऑफिस उघडलं होतं, तिथे तो नुकताच लागला होता. इतकी वर्षं दोघं मुनिरकाच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होते. आता त्यांनी यमुनेपलीकडे सोसायटीत फ्लॅट घेतला होता आणि जाण्यायेण्यासाठी मोटारसायकल. विनया शाळेत गणित शिकवायची. अवनी नावाची त्यांची पाच वर्षांची मुलगी दुकानातल्या सगळ्या हेल्मेटांच्या काचा वर-खाली करून बघत होती. दुकानदाराने ठरलेला प्रश्न विचारला. पद्माकरकडे स्वतःचं हेल्मेट होतं. तो ताठ मानेने म्हणाला, "सर के लिए. और मेरे नहीं, इनके."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. विनयाचा मोठा अंबाडा होता, त्यामुळे मी आधी तिच्या डोक्यावर बसेचना. तिने भर दुकानात पिना काढल्या, केसांची वेणी घातली आणि मला पुन्हा घातलं. मी नीट बसले. आरशात बघून ती हसली आणि म्हणाली, "हेच द्या." मराठीत बोलली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. दुकानदाराला मात्र बरोबर कळलं.

सोमवारी सकाळी मला घालून ती पद्माकरच्या मागे बसून शाळेला निघाली. तीच ती माझी एकमेव सकाळ. सोसायटीचा चौकीदार बघतच राहिला. शाळेच्या फाटकापाशी सहावीची मुलं उभी होती, त्यांतल्या एकाने विचारलं की मॅडम चंद्रावर चालल्या आहेत का, आणि सगळी फिदीफिदी हसली. विनयाने मला काढलं तेव्हा तिची टिकली माझ्या अस्तराला चिकटून राहिली होती आणि वेणी सुटली होती. शिक्षकांच्या खोलीत दोघीतिघींनी तिला समजावलं की बायकांना हेल्मेटची सक्ती नाही, उगाच कशाला हा ताप. संध्याकाळी तिने हे सगळं घरी सांगितलं. पद्माकर बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मग राहू दे ना. तुला कुठे चालान होणार आहे?"

मित्रांनो, हे वाक्य त्याने रागाने म्हटलं नव्हतं. प्रेमानेच म्हटलं होतं, आणि म्हणूनच मला ते आजवर सलतं. दुकानात ज्याने 'सर के लिए' म्हटलं, त्याच माणसाच्या लेखी मी दुसऱ्याच दिवशी पोलिसांसाठीचं झाले.

तेव्हाची रीत अशी होती. दिल्लीत गाडीवर मागे पुरुष बसला तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट लागायचं, नाहीतर चौकात शिट्टी वाजायची. बाई बसली तर शिट्टी वाजत नसे. सूट का दिली, कोणी दिली, यात मी शिरत नाही. सूट म्हणजे घालू नका, असं तर कोणी म्हटलं नव्हतं. पण सूट मिळाली की ती पुरेपूर घ्यायची, फुकट जाऊ द्यायची नाही, ही आपली जुनी सवय. रस्ता मात्र बाई आणि पुरुष असा भेद करत नाही. तो दोघांनाही सारखाच कडक असतो.

मग मला काय काम उरलं? ऐका. पद्माकरचा राजीव नावाचा एक सहकारी होता, मूळचा मेरठकडचा. निजामुद्दीनच्या पुलाअलीकडे एका बस थांब्यावर तो उभा राहायचा आणि तिथून पद्माकरच्या मागे बसून ऑफिसला जायचा. त्याच्याकडे स्वतःचं हेल्मेट नव्हतं. पद्माकर घरून निघताना विनयाला बरोबर घ्यायचा, तिला वाटेत शाळेपाशी सोडायचा आणि मग थांब्यावर राजीवला उचलायचा. राजीवच्या डोक्यासाठी हेल्मेट तर हवं. मग घरापासून शाळेपर्यंत ते कोण धरणार? विनया. डब्याची पिशवी मांडीवर, पर्स खांद्याला आणि मी तिच्या डाव्या कोपरात अडकवलेलं. शाळेशी उतरताना ती मला हँडलच्या आरशावर टांगून जायची. पुढे राजीव मला डोक्यावर चढवायचा.

रोज सकाळी, सुट्ट्या वगळून, दोन वर्षं हे असं चाललं. एका बाईने उघड्या डोक्याने, दुसऱ्याच्या डोक्यासाठीचं हेल्मेट कोपरावर घेऊन चार किलोमीटर जायचं. वाटेत शेकडो माणसं आम्हाला बघायची. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही, कारण ती माणसंही तशीच चालली होती. कोणाचं हेल्मेट कोपरावर, कोणाचं पेट्रोलच्या टाकीवर, कोणाचं मागच्या दांडीला. पोलीस दिसला की टोपी चढवायची, पुढच्या वळणावर उतरवायची. बघून बघून माझं डोकं दुखायचं, म्हणजे मला असतं तर दुखलं असतं.

राजीव माणूस वाईट नव्हता. डोक्याला तेल जास्त लावायचा आणि मला घालण्याआधी रुमाल पसरायचा, एवढंच. पण त्याला माझा रंग खटकत होता. ऑफिसच्या फाटकाशी कंपनीचे लोक उभे असायचे, आणि सगळ्यांना नवनवे कपडे, बूट, टाय यांचं भारी कौतुक. एक दिवस तो पद्माकरला म्हणाला, "यार, यह लेडीज़ लगता है. गेट पर सब हँसते हैं." पद्माकरने पुढच्याच रविवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, रंगाचा फवारा आणला आणि मला काळंभोर करून टाकलं. माझ्या पांढऱ्या पट्ट्यासुद्धा गेल्या. रंग ओला असतानाच विनया भाजी घेऊन वर आली आणि दारातच थांबली.

"माझं हेल्मेट काळं केलंत?"

"तू कुठे घालतेस ते?"

"नाही घालत. पण होतं माझं."

विनया स्वयंपाकघरात गेली आणि भाजी निवडायला बसली. मला वाटलं होतं, ती भांडेल, मला हिसकावून घेईल, दुसऱ्या दिवशी हट्टाने घालून जाईल. तसं काहीच झालं नाही. सोमवारी ती मला नेहमीसारखी कोपरात अडकवून निघाली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

थंडीत तर आमच्या रस्त्यावर नुसती सोंगं निघायची. दिल्लीची थंडी गाडीवर बसलेल्या माणसाच्या छातीत शिरते. म्हणून पद्माकर स्वेटरच्या आत आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र खोचायचा आणि कंपनीने दिलेलं जाकीट उलटं घालायचा. चेन पाठीकडे, पाठ छातीकडे. चेनच्या फटीतून वारा लागू नये, ही त्यातली युक्ती. पाठीवरची चेन विनया ओढून द्यायची. जाकिटाच्या छातीवर कंपनीचं नाव भरलेलं होतं, ते प्रवासात पाठीवर जाऊन मागच्यांना दिसायचं. ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर तो गाडी थांबवायचा, जाकीट सुलटं करायचा, वर्तमानपत्र काढायचा, केस विंचरायचा आणि मगच फाटकात शिरायचा. एका थंडीसाठी माणसं किती खटाटोप करतात. छातीला वारा लागू नये म्हणून कागद, कानाला लागू नये म्हणून मफलर, हाताला मोजे. आणि मागे बसलेल्या बाईच्या डोक्याला काय? शालीचा पदर.

सुट्टीच्या दिवशीही माझी सुटका नव्हती. पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी कामाला दिल्लीत यायचं आणि उतरायला पद्माकरचं घर. मग पाहुण्याला गाडीवर घेऊन लाल किल्ला दाखवायचा, करोल बागेत साड्या घ्यायला न्यायचं. विनयाचे थोरले दीर भालचंद्र एकदा आठ दिवस राहिले, तेव्हा आठही दिवस मी त्यांच्या टकलावर होते. जाताना त्यांनी माझी तारीफ केली की थंडीत टोपीपेक्षा हे बरं. किती डोकी आली आणि गेली, मी मोजायचं सोडून दिलं. त्यांतलं एकही माझ्या घरातल्या बाईचं नव्हतं. मी आतल्या आत कुढत राहिले. हेल्मेटला दुसरं काय करता येतं?

आता ती सकाळ सांगते. १९९८ च्या जानेवारीतली. धुकं इतकं होतं की समोरच्या बसचे दिवेसुद्धा पिवळ्या डागांसारखे दिसत होते. अवनीची तेव्हा तिसरी इयत्ता. तिची शाळा थंडीमुळे बंद होती आणि ती शेजारच्या वृंदाताईंकडे थांबली होती. पद्माकरचं जाकीट उलटं, छातीत वर्तमानपत्र. विनया एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली, मी तिच्या डाव्या कोपरावर. वसाहतीत नवे टेलिफोन येणार होते आणि त्यांच्या तारांसाठी रस्त्याच्या कडेला चर खणला होता. खडीचा ढीग अर्ध्या रस्त्यावर आला होता आणि त्यावर ना दिवा ना लाल फडकं. पद्माकरला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. त्याने ब्रेक दाबला आणि मागचं चाक खडीवरून सरकलं.

विनया डाव्या अंगावर पडली. सगळ्यात आधी मी रस्त्यावर आपटले. माझ्या आत तिचं कोपर होतं. मग तिचा खांदा टेकला. मग तिचं डोकं.

मित्रांनो, मी माझं काम चोख केलं. कोपराला ओरखडासुद्धा उठला नाही. तिचं डोकं माझ्यापासून हातभर अंतरावर रस्त्यावर आपटलं आणि मला काहीही करता आलं नाही. माणसं जमली. दुधाचे कॅन घेऊन चाललेला एक सायकलवाला वाकून बघत दुसऱ्याला म्हणाला, "हेल्मेट तो पहना हुआ है जी, बाजू में." त्याच्या बोलीत बाजू म्हणजे हात. तो थट्टा करत नव्हता. जे दिसलं तेच त्याने सांगितलं.

दवाखान्यात पद्माकर बाकावर बसून होता. त्याचा गुडघा सुजला होता, बाकी तो ठीक होता, कारण त्याचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं. उलटं जाकीट अजून तसंच होतं. पाठीवरची चेन उघडायला कोणी नव्हतं. नर्सने मला उचलून विचारलं की हे हेल्मेट कोणाचं आहे. त्याने विनयाच्या खाटेकडे बोट केलं आणि म्हणाला, "इनका." मग त्याने मला मांडीवर घेतलं आणि तो रडायला लागला. त्या वेळी माझा सगळा राग निघून जायला हवा होता. नाही गेला. सव्वादोन वर्षं उशिरा दिलेलं उत्तर होतं ते.

विनया वाचली. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलायला लागली, पंधरा दिवसांनी घरी आली. सगळ्यांनी हात जोडले, चला, थोडक्यात निभावलं. मग एका सकाळी दूध उतू गेलं, पातेलं जळून काळं झालं, घरभर करपट वास पसरला, आणि विनया ओट्यापासून दोन हातांवर कणीक मळत उभी होती. वृंदाताई धावत आल्या तेव्हा कुठे तिने मागे वळून बघितलं. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला असा मार बसला की कधी कधी वासाच्या बारीक नसा तुटतात. परत येईल का, ते सांगता येत नाही. नाहीच आला.

वास गेला तर एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. विनयाला पावसाची माती, नवं पुस्तक, अवनीच्या केसांतला शिकेकाईचा वास, काही उरलं नाही. जेवण चवीला पुठ्ठ्यासारखं लागतं असं ती एकदाच म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही. तूप कढवताना ते नेमकं कधी उतरवायचं, हे ती आधी दुसऱ्या खोलीतून सांगायची. आता ती आठ वर्षांच्या अवनीला स्टुलावर उभी करायची आणि विचारायची, "बघ गं, तुपाला वास आला का?" अवनी नाक पुढे करून म्हणायची, "अजून नाही आई. अभी नहीं. हां, आता आला." तेव्हापासून त्या घरात गॅस गळतो का, भाजी लागते का, दूध नासलं का, हे सगळं त्या मुलीच्या नाकावर चालत आलं आहे.

पद्माकरने लगेच विनयासाठी नवं हेल्मेट आणलं. तिनेही त्या दिवसापासून ते कधी सोडलं नाही. शाळेच्या फाटकाशी मुलं हसली तर हसू दे, अंबाडा मोडला तर मोडू दे. राजीव भेटायला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःचं हेल्मेट विकत घेतलं. दोन वर्षांत त्याला ते सुचलं नव्हतं. आता माझी कोणालाच गरज नव्हती. मला वाटलं, बरं झालं, आता हे लोक मला टाकून देतील आणि मी शांत होईन.

का, ते सांगते. आणि हे नीट ऐका, कारण मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं. माझं बाहेरचं कवच कडक असतं, पण जीव वाचवतो तो आतला थर्माकोल. मार बसला की तो चेपतो आणि मार स्वतःमध्ये जिरवतो. असं तो एकदाच करू शकतो. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. मला आयुष्यात एक मार झेलायचा होता, तो मी एका कोपरासाठी झेलून बसले. माझ्या डाव्या बाजूला आत खड्डा पडला आहे आणि कवचाला केसाएवढी चीर गेली आहे. तांबडं असते तर ती चीर दिसली असती. पद्माकरने ओरखडे दिसू नयेत म्हणून माझ्यावर पुन्हा एक काळा हात मारला आणि ती चीर त्याखाली गेली. वरून मी आजही नव्यासारखं दिसते.

टाकणं तर दूरच, या लोकांनी मला देव करून ठेवलं. विनया येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की या हेल्मेटने माझा हात वाचवला, नाहीतर खडू कसा धरला असता. ती डावखुरी आहे, म्हणून तिला ते फार मोठं वाटतं. तिने मला जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून कपाटावर ठेवलं. दरवर्षी दसऱ्याला पद्माकर खाली मोटारसायकल धुऊन तिला झेंडूची माळ घालतो, तेव्हा मलाही खाली आणलं जातं, पुसलं जातं, कुंकवाचं बोट लावलं जातं आणि मी पुन्हा कपाटावर जाते. दहा दसरे झाले. लोखंडाची, यंत्रांची, हत्यारांची कृतज्ञतेने पूजा करायची, ही आपली रीत चांगली आहे. पण पूजेची वस्तू उलटी करून तिच्या पोटात काय झालंय हे बघायचं नसतं, असंही आपल्यात कुठेतरी ठरून गेलं आहे. दहा वर्षांत एकाने जरी अस्तराखाली बोट घातलं असतं, तरी त्याला तो खड्डा लागला असता.

यंदा अवनी अठरा वर्षांची झाली. कॉलेजला आहे. मेट्रोचं स्टेशन घरापासून लांब, रिक्षांची रोजची कटकट, म्हणून पद्माकरने तिच्यासाठी बिनगिअरची स्कूटर घेतली. काल दसरा होता. खाली मोटारसायकलशेजारी नवी स्कूटर उभी केली, दोघींना माळा घातल्या. पद्माकर म्हणाला की मुलींना अजून सक्ती नाही, हळूहळू घेऊ हेल्मेट. विनयाने हातातलं आरतीचं ताट खाली ठेवलं.

"सक्तीचं नाव काढू नका. माझी मुलगी उघड्या डोक्याने फाटकाबाहेर जाणार नाही."

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी तेरा वर्षं थांबले होते. माझं सगळं कवच थरारलं. आणि लगेच तिने मला अभ्र्यातून काढलं, पदराने पुसलं आणि अवनीच्या हातात दिलं.

अवनीने तोंड वाकडं केलं. "आई, यार, हे किती हेवी आहे. आणि बिल्कुल जुनं. मला नवीन पाहिजे."

"नवीन घेऊ सावकाश, दिवाळीत. तोवर हे घाल. याने माझा हात राखला, तुझं डोकंही राखेल."

अवनी आईचं तोंड बघत राहिली आणि मग तिने मुकाट्याने मला डोक्यावर घेतलं. तिची केसांची छोटी शेपटी, मी सहज बसले. तिने पट्टा लावला, काच खाली केली, काच वर केली. कुंकवाचा बोटभर ठिपका माझ्या कपाळावर. विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्माकरने फोटो काढला. इतकं नीट, इतकं मनासारखं डोकं मला कधी मिळालं नव्हतं, आणि मी ओरडून सांगत होते की मला काढ, आत्ताच्या आत्ता काढ. कोणाला ऐकू जाणार?

इतकी वर्षं मला राग होता की मला कोणी घालत नाही. आज मला घालताहेत, आणि हा राग त्याहून मोठा आहे. विनयाची काळजी खरी आहे, पद्माकरचा पश्चात्ताप खरा आहे, अवनी आईचं मन राखते आहे. तिघंही चांगली माणसं. आणि तिघं मिळून माझ्यासारखं फुटकं भांडं त्या पोरीच्या डोक्यावर ठेवताहेत.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे मागणं आहे. ज्याला एकदा मार बसला आहे असं हेल्मेट कितीही चकचकीत दिसलं तरी घालू नका, कोणाला देऊ नका, आठवण म्हणून ठेवू नका. टाकायचं तेव्हा आधी हातोडीने मधोमध फोडा आणि पट्टा कापा, म्हणजे कचऱ्यातून उचलून ते दुसरं कोणी घालणार नाही. पूजा केलेली वस्तू फोडताना हात कचरत असेल, तर नमस्कार करा आणि मग फोडा. मला राग येणार नाही, उलट माझा राग जाईल.

आणि तुमच्यापैकी कोणी यमुनेपलीकडे त्या सोसायटीत राहत असेल, तर एवढं कराच. अवनी उद्या सकाळी आठला निघणार आहे. हेल्मेटची दुकानं अकराला उघडतात. तेवढे तीन तास तिला कोणीतरी घरी थांबवा.